हमाल बसला, आत्या उठेना

माझ्या आत्याला कोणी "जरा बाजूला व्हा" म्हटलं की ती आधी त्या माणसाकडे नीट बघते आणि मग विचारते, "का?" त्यात भांडण नसतं. तिला खरोखरच कारण हवं असतं. कारण पटलं तर ती निमूट बाजूला होते. पण बाजूला व्हा म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे सांगण्यासारखं कारणच नसतं, आणि मग त्यांचा चेहरा उतरतो. पोस्टातला कारकून, दाताचे डॉक्टर, माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, असे कितीतरी उतरलेले चेहरे बघत मी मोठी झाले. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता कुठल्या कचेरीत माझं काम अडलं की मी आत्यालाच बरोबर नेते.

ही आत्या विमान संग्रहालयात विमानं धुते. हे सांगितलं की समोरचा हटकून विचारतो, "विमानंही धुवावी लागतात?" लोकांना वाटतं, आभाळात कुठली आलीय धूळ. पण संग्रहालयातलं विमान उडत नाही, नुसतं उभं राहतं, आणि उभं राहणारी वस्तू फार मळते. इंजिनाच्या तोंडात चिमण्या घरं करतात, बारीक नळ्यांत कुंभारमाशा चिखल भरतात, आणि पंखांवर कबुतरं काय करतात ते सांगायला नको. आत्या सकाळी बादल्या, ब्रश आणि उंच शिडी घेऊन निघते. विमान खालून वर धुवायचं, नाहीतर साबणाचे ओघळ वाळून पट्टे उमटतात. काच आतून उभी पुसायची आणि बाहेरून आडवी, म्हणजे एखादा फराटा राहिला तर तो कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. आमच्या घरच्या खिडक्याही तिने याच शिस्तीत बसवल्या आहेत आणि माझ्या आईला त्याचा मनस्वी संताप येतो.

संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या धावपट्टीच्या कडेला असलेली एक भलीमोठी शेड आणि तिच्यामागचं गवताचं पटांगण. शेडच्या मधोमध, लाल गालिच्यावर, लढाऊ विमान उभं आहे. त्याच्यावर चारी बाजूंनी दिवे सोडलेत. त्याच्या शेजारी कापडी पंखांचं जुनं शिकाऊ विमान, पाती बांधून ठेवलेलं हेलिकॉप्टर, आणि छताला टांगलेलं एक बिनइंजिनाचं विमान, ज्याच्याखाली उभं राहायला लोक उगाच घाबरतात. शेडमध्ये न मावणारी विमानं बाहेर, ऊनपावसात. आणि अगदी टोकाला, कुंपणाच्या भिंतीला चिकटून, हमाल.

हमाल हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव अक्षरं आणि आकडे मिळून झालेलं होतं आणि ते कोणाच्याच लक्षात राहायचं नाही. पोट सुटलेलं, नाक बसकं, पंखांवर दोन इंजिनं, मागे गाडी शिरेल एवढा दरवाजा. सामान वाहायचं विमान. विमानतळावरचे लोक त्याला हमालच म्हणायचे. डोंगरापलीकडच्या गावांना रस्ते नव्हते तेव्हा बियाणं, औषधं, शाळेची बाकं, शेळ्या, एकदा तर सबंध छापखाना त्याने वाहून नेला. आत्या ऐन तरुणपणी विमानतळावर झाडूवाली म्हणून लागली आणि तिच्या वाट्याला हमालाचं पोट आलं. लढाऊ विमानांच्या आसपास जाण्याचा मान तिच्यापेक्षा वरच्या लोकांचा. शेळ्या उतरल्यावर जे काही मागे उरतं ते धुण्याचा मान आत्याचा.

धावपट्टी बंद झाली तेव्हा हमाल शेवटचं उड्डाण करून संग्रहालयाला देणगी म्हणून आला. त्याच्यासोबत आत्याही आली. व्यवस्थापक ही गोष्ट पाहुण्यांना विनोद म्हणून सांगत, की एकावर एक फुकट मिळालं. आत्या तिथेच उभी असे. ती हसत नसे आणि चिडतही नसे, पुढच्या चाकाकडे वळत असे.

घरात ती सगळ्यांत थोरली. आजी लवकर गेली, आजोबांचं असणं नसल्यासारखंच, त्यामुळे माझे वडील आणि दोन काका तिच्याच पगारावर शिकले. शिकून कोणी पाणीपुरवठ्यात चिकटलं, कोणी दूरच्या शहरात गेलं. आत्याचं लग्न का झालं नाही, असं मी एकदा बाबांना विचारलं. ते बराच वेळ पेपरात डोकं घालून बसले आणि मग म्हणाले, "आमच्या लक्षातच राहिलं नाही." माझ्या बाबांना खोटं बोलता येत नाही, आणि त्या दिवशी ते आलं असतं तर बरं झालं असतं. आत्या आमच्याकडेच राहते. स्वयंपाकघराला लागून जी चिंचोळी खोली आहे, जिथे पूर्वी अडगळ असायची, तिथे तिची खाट आहे आणि खाटेखाली तिची ट्रंक. खोलीला खिडकी एकच, आणि तिची काच कधीही पुसलेलीच असते.

तर गेल्या वर्षी संग्रहालयाला आणखी एक लढाऊ विमान मिळायचं ठरलं. पहिल्यापेक्षा मोठं, अणकुचीदार, नुकतंच निवृत्त झालेलं. ते ठेवायचं कुठे, यावर समितीची बैठक बसली. समितीचे अध्यक्ष कॅप्टनसाहेब. शेडमधलं लढाऊ विमान त्यांनी स्वतः उडवलेलं, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. माणूस सरळ, पाठ ताठ, कपड्यांना कडक इस्त्री. बैठकीत ठरलं की हमाल मोडीत काढायचा. त्याचं एक इंजिन उभं कापून शेडमध्ये मांडायचं, दुसरं एका दुसऱ्या संग्रहालयाला द्यायचं आणि उरलेला सांगाडा गॅसने कापून जागा मोकळी करायची. आत्याला हे कोणी सांगितलंही नाही. क्रेन येऊन हमालाची इंजिनं उतरवायला लागली तेव्हा ती शेडमध्ये हेलिकॉप्टरच्या काचा पुसत होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती बोललीच नाही. जेवली, भांडी विसळली, ट्रंक उघडून सतरंजी बाहेर काढली. आईने विचारलं, कुठे निघालात? आत्या म्हणाली, "कामावर." आईला वाटलं, सतरंजी वाळवायची असेल.

दुसऱ्या दिवशी तोडणारे येणार होते. त्यांच्या आधी आत्या पोचली. रखवालदाराने तिला नेहमीसारखं आत सोडलं, तिच्या हातातल्या सामानाकडे बघून गालातल्या गालात हसलाही. सतरंजी, उशी, पाण्याचा कॅन, डबा, लोकर आणि विणायच्या सुया. शिडी लावून ती हमालाच्या मागच्या दरवाजातून आत शिरली आणि पार शेपटीकडे, जिथे जाळीची बाकं आहेत, तिथे सतरंजी टाकून बसली. शेपटीकडेच का, तर तिथे दरवाजातून वारा येतो. यापलीकडे त्यात काहीही डावपेच नव्हता. नंतर तिच्यावर बरेच आरोप झाले म्हणून हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

ठेकेदाराची माणसं गॅसच्या टाक्या घेऊन आली आणि आत बाई विणताना बघून परत फिरली. ठेकेदार व्यवस्थापकांकडे गेला. व्यवस्थापक येऊन खालूनच ओरडले, बाई, खाली उतरा, विमान तोडायचंय. आत्याने अर्थातच विचारलं, "का?"

जागा नाही म्हणून, असं व्यवस्थापक म्हणाले. आत्याने दरवाजातून पटांगणाकडे बोट केलं. गवत भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेलं होतं. तसं नव्हे, व्यवस्थापक म्हणाले, दर्शनी जागा नाही. नवीन विमान रस्त्यावरून दिसायला हवं. मग ते पुढे आणि हा मागे सरकवा, असं आत्या म्हणाली. व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. त्यांनी आमच्या घरी फोन केला.

बाबांच्या पायाखालची जमीनच सरकली. ते जन्माचे भिडस्त. रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत नेलं तरी तिथूनच चालत येतील. बहिणीने सरकारी काय नि खाजगी काय, कुठल्याही मालमत्तेचा ताबा घेतलाय हे ऐकून ते शर्टाची बटणं खालीवर लावून धावले. बरोबर मी. आईने आम्हाला दारातच थांबवून एक व्यावहारिक प्रश्न विचारला, की वन्सं दिवसभर तिथे बसणार, तर त्यांची सोय काय? सोय आत्याने केलेली होती. ती मी इथे लिहीत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा हमालाखाली ठेकेदार, व्यवस्थापक आणि खुद्द कॅप्टनसाहेब उभे होते. इंजिनांशिवाय हमाल फार केविलवाणा दिसत होता. पंखांवर जिथे इंजिनं होती तिथे नुसत्या तारा आणि नळ्या लोंबत होत्या. मला उगाचच रडू यायला लागलं, आणि ते येतंय म्हणून स्वतःचाच राग आला. कॅप्टनसाहेब बाबांना म्हणाले, आपण सगळे वर जाऊ आणि त्यांची समजूत घालू. बाबांनी मान डोलावली. समजूत घालायला एवढे लोक लागत नाहीत, पण त्या दिवशी प्रत्येकाला वाटत होतं की आपलं ती ऐकेल.

एकेक करून आम्ही शिडीने वर चढलो. आधी व्यवस्थापक, मग ठेकेदार, मग बाबा, मी आणि शेवटी कॅप्टनसाहेब. आतून विमान म्हणजे एक लांबलचक बोगदा, दोन्ही बाजूंना लोखंडी फासळ्या, जमिनीत सामान बांधायच्या कड्या. आत्या टोकाला बसून विणत होती. सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले. कॅप्टनसाहेब समजावणीच्या सुरात सुरू झाले, की बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो, पण या डबड्याला कोण बघतं? लोक लढाऊ विमानं बघायला येतात.

आत्याने सुया खाली ठेवल्या. "कोणी बघत नाही म्हणून तोडायचं असेल, तर मग मलाही तोडा," ती म्हणाली. "इतकी वर्षं इथे आहे. मला कोण बघतं?"

 ठेकेदार आणखी थोडा पुढे सरकला, बहुधा काहीतरी गोड बोलायला. आणि मला वाटलं, मला चक्कर येते आहे. पायाखालची जमीन कलायला लागली. पाण्याचा कॅन आपणहून निघाला, लोकरीचा गुंडा त्याच्यामागे, आणि मग आम्ही सगळे. बाबा व्यवस्थापकांच्या अंगावर, ठेकेदार बाबांच्या अंगावर, मी आत्याच्या मांडीवर. हमाल सावकाश, एखादा दमलेला माणूस बसतो तसा, शेपटीवर बसला. खाली धप्प असा आवाज झाला आणि गवतातली सगळी धूळ दरवाजातून आत आली.

झालं होतं ते असं. पुढची दोन अवजड इंजिनं काढल्यामुळे विमानाचा सगळा भार मागे गेला होता. अशा वेळी शेपटीखाली टेकू द्यायचा असतो. टेकू ठेकेदाराच्या ट्रकमध्ये पडून होता. एकट्या आत्याचं वजन हमालाने सकाळपासून सांभाळलं होतं. समजूत घालायला आलेल्यांचं त्याला पेललं नाही. आणि त्यात आयुष्यभर विमानं उडवलेले कॅप्टनसाहेब होते, आयुष्यभर यंत्रं तोडलेला ठेकेदार होता. कोणाच्या डोक्यात आलं नाही. आत्याच्याही नाही.

मागचा दरवाजा आता जवळजवळ जमिनीला टेकला होता, त्यामुळे बाहेर पडायला शिडीचीही गरज नव्हती. कॅप्टनसाहेब चार पायांवर रांगत बाहेर आले. कडक इस्त्रीच्या विजारीवर शेळ्यांच्या काळापासूनची धूळ. उभे राहून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की बाईंनी हे मुद्दाम केलं.

आणि तेव्हा माझे बाबा बोलले. त्यांची चप्पल एकाच पायात होती. "साहेब, अक्का सकाळपासून जागची हललेली नाही," ते म्हणाले. "आत आपण आलो."

जन्मात मी बाबांना कोणा साहेबासमोर असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचं त्यांनाही नवल वाटलं असावं, कारण एवढं बोलून ते बाहेर यायचं सोडून परत आत गेले आणि आत्याशेजारी जाळीच्या बाकावर बसले. मी तिथून हलायचा प्रश्नच नव्हता. मला घरचं कोणीतरी एकदाचं हिमतीनं वागलेलं बघायचं होतं.

आता पंचाईत अशी झाली की हमालाला तोडताही येईना. ठेकेदार त्याच्याभोवती डोकं खाजवत फिरला. शेपटी कापावी तर हवेतलं नाक दाणकन खाली येणार. नाकाकडून सुरुवात करावी तर तिथे पोचायलाच परांची बांधावी लागणार. आणि कुठूनही कापावं तर आत माणसं. वाळूची पोती आतून पुढे नेऊन ठेवली तर नाक खाली येईल, असं कोणीतरी सुचवलं. दोन मजूर पोती घेऊन दरवाजाशी आले. आत्याने आणि बाबांनी बोगद्यात आडवे पाय पसरले. मजूर भले होते. पोती तिथेच टाकून ते त्यावर विडी पीत बसले.

आणि हमालाचं बसकं नाक, जे इतकी वर्षं भिंतीआड कोणाला दिसलं नव्हतं, ते आता भिंतीच्या वर निघालं होतं. रस्त्यावरून बसने जाणाऱ्या कोणीतरी फोटो काढला आणि तो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. म्हातारं विमान आभाळाकडे तोंड करून, आता उडतं की मग. खाली मजकूर बराच चुकीचा होता, आत्याला त्यात सेवानिवृत्त वैमानिक म्हटलं होतं. पण लोक लोटले. रिक्षावाले आले, शाळा सुटल्यावर मुलं आली, डोंगरापलीकडच्या गावचे दोन म्हातारे आले आणि आमच्या शाळेची बाकं यानेच आणली असं भेटेल त्याला सांगत हिंडले. संग्रहालयात एवढी गर्दी व्यवस्थापकांनी कधी पाहिली नव्हती. गालिच्यावरच्या लढाऊ विमानापाशी चिटपाखरू नव्हतं. मला याचा फार आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

आत्याची अट साधी होती. इंजिनं परत लावा, मी उतरते. आई डबे पाठवत होती आणि प्रत्येक डब्याबरोबर निरोप, की पुरे झालं आता. निरोप मी पोचवत नव्हते.

मग संध्याकाळी कॅप्टनसाहेब पुन्हा आले. एकटेच. या वेळी त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. दरवाजाबाहेर गवतावर बसले, नवी विजार मळेल याची पर्वा न करता.  मग म्हणाले, बाई, तुम्हाला वाटतं मला फक्त दिमाख हवाय. ते शेडमधलं विमान मी उडवलंय. माझ्यासोबतची मुलं तसल्याच विमानांत गेली. लोकांनी ते बघावं, विसरू नये, एवढंच मला वाटतं. या पत्र्याच्या पोटात असं काय आहे?

आत्या सरकत सरकत दरवाजाशी आली. तिच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता असा काहीतरी खरखरीतपणा होता.

"तुमचं विमान मी रोज पुसते, साहेब. ते काढा असं मी कधी म्हटलं? पण ती मुलं गेली, त्यांना घरी कोणी आणलं? हमालाने आणलं. इथे, या कड्यांना पेट्या बांधलेल्या असायच्या. पेट्या उतरल्या की तुम्ही सगळे सलाम करून त्यांच्यामागून जायचात. मागे मी राहायची, बादली घेऊन. जमीन मी धुतलीय."

कॅप्टनसाहेब जमिनीतल्या कड्यांकडे बघू लागले.

"ज्याने लढाई केली त्याला गालिचा," आत्या म्हणाली, "आणि ज्याने सगळ्यांना उचलून घरी आणलं त्याला गॅस. घरात असंच, इथेही असंच. मला आता ते चालायचं नाही."

बाबा माझ्या शेजारी बसले होते. "घरात असंच" ऐकल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. बहिणीचं लग्न लक्षात न राहिलेला माणूस होता तो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं मला वाटलं, आणि मी ठेवला नाही. ते त्यांनी ऐकायलाच हवं होतं.

कॅप्टनसाहेब उठले. जमिनीतल्या त्या कड्यांपैकी एकीला, जी दरवाजाजवळ होती, त्यांनी वाकून हात लावला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी क्रेन परत आली. समितीने सूचनांच्या फळ्यावर लिहिलं, की हे ऐतिहासिक मालवाहू विमान जतन करण्याचा समितीचा पहिल्यापासूनच मानस होता. वाचून मी मोठ्याने हसले तर व्यवस्थापकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. एक इंजिन चढलं, दुसरं चढलं. नाकाला दोर बांधून माणसं खाली उभी राहिली, शेपटीखाली टेकू तयार ठेवला. पण हमाल काही उठेना. ठेकेदार म्हणाला, जवळजवळ बरोबरीला आलंय, आता मागचं वजन पुढे गेलं पाहिजे. मागचं वजन म्हणजे आत्या.

ती उठली. फासळ्यांना धरून ती चढ चढू लागली, एक हात, मग दुसरा, साडीचा पदर कमरेला खोचलेला. बाबा आणि मी मागोमाग निघालो तर तिने मागे वळून नको म्हणून खूण केली. बोगद्याच्या अर्ध्यावर ती पोचली तेव्हा हमाल कण्हला. आणखी थोडी पुढे गेली आणि जमीन आमच्या पायांखाली हळूहळू सपाट व्हायला लागली. खाली दोर धरलेली माणसं एकमेकांना सांभाळ, सांभाळ म्हणत होती. वैमानिकाच्या खोलीच्या दारात आत्या पोचली आणि पुढचं चाक जमिनीला टेकलं. भिंतीवर चढून बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आत्या तिथेच उभी होती, समोरच्या काचेकडे बघत. मला वाटलं, तिचे डोळे भरून आले असतील. जवळ गेले तर ती म्हणाली, "ही काच केवढी मळलीय बघ."

खाली उतरलो तेव्हा शिडीपाशी व्यवस्थापक उभे होते आणि त्यांच्यामागे बाकीची समिती. विमानाचं झालं ते झालं, व्यवस्थापक म्हणाले, पण शिस्त म्हणून काही आहे की नाही. उद्या प्रत्येकजण एकेका विमानात जाऊन बसेल. बाईंनी सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नये. मी कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं. ते बुटांकडे बघत होते. एका माणसाच्या हिमतीला किती जागा असते कोण जाणे. त्यांची इंजिनांवर संपली असावी. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, पण राग जास्त.

"माफी कशाची?" आत्याने विचारलं.

व्यवस्थापकांनी मागे समितीकडे वळून पाहिलं. समितीतलं कोणीतरी म्हणालं, हेच, हेच ते, यांच्या अशा वागण्याची. आत्या थोडा वेळ थांबली, आणखी काही कारण येतंय का ते बघायला. काही आलं नाही. तिने सतरंजीची घडी घातली, बाबांच्या हातात दिली, आणि आम्ही घरी आलो.

घरी आई तिच्यावर तोंडसुख घेण्याच्या तयारीत होती, पण तिला पाहून तिने नुसतं गरम पाणी काढलं. बाबा मध्येच काहीतरी बोलायला म्हणून आत्याच्या खोलीच्या दाराशी गेले, चौकटीला धरून उभे राहिले आणि तसेच परत आले. मग पुन्हा गेले. या वेळी ते आत जाऊन तिच्या खाटेवर बसले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. काय बोलले ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी "का" विचारलं नाही.

सकाळी आत्या नेहमीच्या वेळेला उठली, डबा भरला, चपला घातल्या. मी तिच्यामागोमाग निघाले, कारण मला भीती वाटत होती. संग्रहालयाच्या फाटकाशी रखवालदार उभा होता. आत्याला येताना बघून बिचारा कावराबावरा झाला. इतक्या वर्षांची ओळख.

"बाई, माझा नाइलाज आहे," तो म्हणाला. "तुम्हाला आत सोडायचं नाही असं सांगितलंय मला."

"मग नका सोडू," आत्या म्हणाली, आणि आत गेली.